गंजीमागचं घरटं

छबूचे बाबा,

पोरीले घेऊन मी सावनेरले मायकडे चालली. भात झाकून ठेवला आहे, वरण गरम करून घ्या.

तुऱ्हाट्यांच्या गंजीमागचं गिनी कोंबडीचं घरटं कोणं साफ केलं, हे मले कोणाले विचारा नाही लागलं. टरफलं चुलीपाशीच पडून आहेत. दोस्ताइले आम्लेट चारलं, झाली हौस? साध्या कोंबड्या खुराड्यात अंडी देतात, थे खुशाल सारी उचला. पण गिनी बाहेर लपून घालते, अन् घरट्यात दोन-चार ठेवली तरच परत तिथं येते. कितीक डाव सांगितलं तुम्हाले! सकाळी आली, रिकामं घरटं पाहून वरडत सुटली. आता कडुनिंबावर बसून राहिली. काठीनं हाणून तिले खुराड्यात कोंडू नका, थे झाडावरच झोपते.

मायनं देलेली शिलाई मशीन मले न विचारता तुम्ही बहिणीले देली, तवा मी चूप राहिली. माझे तोडे देले, तवाबी चूपच.

मले न्याले याल, तर आधी घरभर फिरून पाहा. माझं म्हणून काय ठेवलं तुम्ही, थे सांगा. मंग येते.

पंचफुला