व्हय म्हणणारा

देवबाग,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. जितेंद्र यास ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. भाईंचा गुडघा कुरकुरतो, पण आपले वडील डॉक्टरचं कधी ऐकतात? पाहुण्यांच्या खोल्या शनिवार-रविवार भरतात. फोन केला तर तू कापशील, म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहिते आहे.

जानेवारीत मुंबईच्या पर्यटन प्रदर्शनात आम्ही स्टॉल लावला होता. दुपारपर्यंत चिटपाखरू फिरकेना. पत्रकं वाटून माझे हात दुखले. शेवटी भाई उठले, नारळ हातात घेतला आणि घरी घालतात तसं तिथेच देवाला गाऱ्हाणं घातलं. ते ऐकून मुंबईतले कोकणकर भराभर गोळा झाले आणि प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणू लागले. संध्याकाळपर्यंत मे महिन्याच्या सगळ्या खोल्या गेल्या.

परवा एका पाहुणीने मोबाइलवर लेख दाखवला. प्रदर्शनं भरवणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा ब्लॉग, पाहुणा लेखक 'एक देवबागकर', मथळा 'प्रदर्शनात गर्दी कशी जमवावी'. पत्रकं नंतर वाटा, आधी लोकांना तुमच्याबरोबर एक शब्द म्हणायला लावा, असा सल्ला. खाली आमचं अख्खं गाऱ्हाणं.

मला पहिला संशय शेजारच्या निलेशचा. त्याचाही तिथे स्टॉल होता आणि आमच्या पाहुण्यांवर त्याचा डोळा असतोच. तडक जाऊन विचारलं, तर म्हणाला, "माका मोबाइलात नाव लिवतानाय घाम येता गो. लेख खंयचो लिवतलंय?"

घरी येऊन लेख पुन्हा वाचला. त्यात एक ओळ होती: "रागान गेलो हा तो माझो झील, तेका घराची वाट दाखव रे म्हाराजा."

लेकासाठीची ही ओळ गाऱ्हाण्यात पूर्वी नव्हती. होडी विकण्यावरून भांडून तू गेलास, तेव्हापासून सहा वर्षं भाई ती घालत आले. घराबाहेर ती त्या दिवशीच पहिल्यांदा म्हटली, तीही पुटपुटत. निलेशचा स्टॉल पार दुसऱ्या टोकाला. आणि लेखात लिहिलंय, 'इथे म्हाताऱ्याचा आवाज खाली जातो.' हे दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्यालाच कळेल.

बापाचं गाऱ्हाणं ऐकलंस, त्याचा लेख केलास आणि पाया न पडता निघून गेलास. याचा मला फार राग आला, जितू.

पण निलेशकडे मी उगीच गेले. मला माहीत होतं. त्या ओळीला सगळे गप्प झाले होते. मागून एकच 'व्हय' आला, तो तुझा होता. मी मान वळवली नाही. सहा वर्षं खोल्या मी झाडल्या, भाईंचा गुडघा मी चोळला आणि देवाजवळ मागणं मात्र तुझं. वळले असते तर तू घरी आला असतास. मला ते नको होतं.

गाडीत भाईंनी विचारलं, "मागसून व्हय म्हटल्यान तो कोण गो?" मी म्हटलं, "कोण नाय, गिऱ्हाईक असतला."

त्या दिवसापासून भाई ती ओळ म्हणत नाहीत.

येत्या सोमवारी नवीन खोलीचं गाऱ्हाणं आहे. मी त्यांना खरं सांगणार आहे. तू ये आणि या वेळी पुढे उभा राहा.

तुला पाठमोरी राहिलेली,
सारिकाताई