तिसऱ्या गल्लीतला एक पेला

तीर्थस्वरूप मामांच्या पायांशी,

तुमच्या भाच्याचा (जो आता नगरसेवक झाला असला तरी तुमच्यापुढे अजून खुर्चीच्या कडेवरच बसतो) साष्टांग नमस्कार. मामींनाही सांगावा. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा चष्मा बदलून आला का? नवं घर ऐसपैस आहे, वारा खेळतो आणि नळाला चोवीस तास पाणी असतं, असं आईकडून कळलं. ऐकून बरं वाटलं. (पाण्याची जास्त चौकशी करत नाही. का, ते पुढे येईलच.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी सोडून सगळे.

हे पत्र लिहायची वेळ आली ती माझ्या जिभेमुळे. प्रचाराची शेवटची सभा तुम्हाला आठवत असेल. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी चार टेबलं जोडून आपण व्यासपीठ केलं होतं, आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून मला हाताने 'आवर, आवर' अशी खूण करत होतात. मला वाटलं तुम्ही 'होऊ दे, होऊ दे' म्हणताय. त्यातून त्या दिवशी लाउडस्पीकर कधी नव्हे तो नीट चालला. आपलाच आवाज एवढा मोठा ऐकू आला की माणसाला आपण बोलतोय ते खरंच वाटायला लागतं हो! उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणून बसलो की या गल्लीच्या नळांना स्वच्छ पाणी येईपर्यंत मी रोज इथलंच पाणी पिईन. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! आता रीत अशी आहे की पुढाऱ्याने बोलावं, लोकांनी टाळ्या वाजवाव्यात आणि मग दोघांनीही आपापल्या घरी जाऊन ते विसरून जावं. पण तिसऱ्या गल्लीत माझ्या चौथीच्या बाई राहतात, आणि दिलेला गृहपाठ तपासायला बाई विसरल्या, असं त्यांच्या उभ्या नोकरीत झालेलं नाही.

निवडून आलो, अभिनंदनाचे फोन संपले, दोन-चार दिवस मी मनसोक्त झोपलो. मग एका सकाळी दाराची घंटा वाजली. बघतो तर बाई! एका हातात झाकणाचा स्टीलचा जग, दुसऱ्या हातात काचेचा पेला. (काचेचाच का, ते ओतल्यावर कळलं. स्टीलमध्ये रंग दिसत नाही.) आईची चौकशी केली, माझी तब्येत सुटल्याबद्दल दोन शब्द बोलल्या आणि पेला काठोकाठ भरला. रंग म्हणाल तर पायपुसणं धुतल्यावर बादलीत उरतो तो. वासाचं लिहीत नाही, पत्र तुमच्या जेवणाच्या वेळी पोहोचलं तर उगाच पंचाईत. मी म्हटलं, बाई, बसा, आधी चहा घ्या. त्या म्हणाल्या, आधी तू घे. मामा, सतराचा पाढा म्हणायला उभं करताना त्या जशा बघायच्या ना, अगदी तशाच बघत होत्या. मी डोळे मिटले आणि घटाघट पिऊन टाकलं. त्यांनी पेला उलटा करून थेंब उरला नाही ना ते पाहिलं, 'शाब्बास' म्हणाल्या आणि गेल्या. पुढे दुपारपर्यंत जे झालं ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की नगरसेवक म्हणून माझी पहिली प्रदीर्घ बैठक घरच्याच संडासात पार पडली.

मला वाटलं, झाली बाईंची हौस. कसली हौस! दुसऱ्या दिवशी त्याच जगासह गल्लीतला टेलर हजर. त्यानंतर इस्त्रीवाल्याची बायको. मग सायकल दुरुस्तीवाला, आपल्या म्हाताऱ्या वडिलांना धरून. गल्लीने चक्क पाळ्या लावून घेतल्या होत्या. बरं, कुणी चिडत नाही, कुणी आवाज चढवत नाही. दारात हसत उभे राहतात, पाणी देतात, नमस्कार करतात, जातात. अहो, मोर्चा आणला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला हायसं वाटलं असतं! मोर्च्याची माझी तयारी होती. निवेदन दोन्ही हातांनी घ्यायचं, गंभीर चेहरा करायचा आणि 'वर बोलतो' म्हणायचं. (वर कोण असतं ते मला अजून कळलेलं नाही.) पण पाणी घेऊन आलेल्या माणसाला 'वर बोलतो' कसं म्हणणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पळवाटा मी शोधल्या नाहीत असं समजू नका, शेवटी भाचा तुमचाच. एकदा पाहुण्यांची पाठ वळताच पेला बायकोच्या आवडत्या कुंडीत रिकामा केला. पुढे दोन-तीन वेळा तेच. झाड आठवड्याच्या आत मान टाकून बसलं आणि बायको त्याच दिवसापासून तिसऱ्या गल्लीला सामील झाली. आता दार तीच उघडते, पेला तीच विसळून ठेवते आणि मी मागच्या दाराने सटकायला लागलो की पुढच्या दारातून ओरडते, 'अहो, मागे आहेत ते, मागे या!' मग मी टेलरला बोलण्यात गुंतवून जगातलं पाणी बदललं, विकतच्या बाटलीतलं ओतलं. नेमक्या बाई मागोमाग आल्या. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, हे आमचं नव्हे, याला काही चवच नाही. मी 'बाहेरगावी आहे' असा निरोप ठेवून नगरपालिकेत जाऊन बसलो, तर सभेच्या ऐन मध्यात शिपाई तो जग माझ्यापुढे ठेवून गेला. विरोधी बाकांवरच्या एका सद्गृहस्थाने 'सन्माननीय सदस्यांना तहान लागली असावी' असं अध्यक्षांच्या निदर्शनास आणून दिलं. आधीच उल्हास, त्यात हे!

शेवटी डॉक्टर गाठला. त्याचा दवाखानाही तिसऱ्या गल्लीतच, जाणार कुठे? त्याने पोट दाबलं, जीभ बघितली आणि म्हणाला, गोळ्या देतो, पण खरं औषध तुमच्या कचेरीत आहे. गोळ्या बांधेपर्यंत बाहेर बाकावर बसा. मामा, एवढा वेळ मी तुम्हाला हसवायचा प्रयत्न केला, पण त्या बाकाबद्दल गंमत करता येत नाही. सगळा बाक त्या गल्लीतल्याच माणसांनी भरला होता. एक बाई तिच्या लहान मुलीला मांडीवर आडवी घेऊन बसली होती. पोरीचे डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. मला बघून ती बाई सरकली, जागा करून दिली आणि माझ्याच पोटाची विचारपूस केली. मग म्हणाली, 'साहेब, तुम्हाला सवय नाही ना, म्हणून त्रास होतो. होईल हळूहळू.' टोमणा नव्हता हो तो! ती मला मनापासून धीर देत होती. मी थोडे दिवस रोज पेलाभर पाणी पिऊन गावभर बोंब मारत होतो आणि ही माणसं वर्षभर तेच पिऊन एकमेकांना सवय लावत होती. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. त्या दिवशी पाळी कुणाची ते न विचारता मी स्वतः बाईंकडे गेलो आणि जग मागून घेतला.

तो घेऊन मी तडक पाणीपुरवठा खात्यात. इंजिनिअर म्हणाला, तिसऱ्या गल्लीचं पाणी एकदम उत्तम आहे, तपासलेलं आहे. मी पेला भरून त्याच्यापुढे सरकवला. तो म्हणाला, आत्ताच चहा झाला. मोठ्या कारकुनापुढे सरकवला, त्याचा घसा बसला होता. अध्यक्षांच्या केबिनमध्ये नेला, त्यांना डॉक्टरांनी पाणी कमी प्यायला सांगितलं होतं. संपूर्ण कचेरीत त्या दिवशी एका माणसाला तहान लागली नाही! पण पेला टेबलावरून हलेना म्हटल्यावर इंजिनिअरची जीभ मात्र सैल झाली. पाइप अगदी नवा आहे, गेल्याच वर्षी टाकलाय. निवडणुकीनंतर गळतीची तक्रार आली होती, ती ठेकेदाराने येऊन दुरुस्त केली आणि आम्ही 'काम समाधानकारक' असं लिहून मोकळे झालो. (ठेकेदाराचं नाव मी या पत्रात लिहिणार नाही. वडीलधाऱ्यांचं नाव घेऊ नये असं मला आईने शिकवलंय.)

मग आम्हीच गेलो बघायला. मी, टेलर, बाई आणि मागे अर्धी गल्ली. गटारावरचं झाकण उचललं. बघायला काही विद्वान लागत नव्हता, मामा. पिण्याच्या पाण्याचा पाइप गटाराच्या वरून नाही, बाजूने नाही, सरळ गटारातून गेला होता! वेगळा चर खणण्याचा त्रास वाचला. आणि जिथे दोन पाइप जुळतात तिथे दुरुस्ती म्हणून काय केलं होतं, ओळखा बघू? माझ्या प्रचाराचा फलक फाडून त्याची पट्टी गुंडाळली होती. माझा एक डोळा, अर्धी मिशी आणि 'हक्काचा माणूस' एवढी अक्षरं त्या घाणीतून माझ्याकडे बघून हसत होती, आणि माझ्या कानाच्या जागेतून पाणी ठिबकत होतं. मग बाई म्हणाल्या, 'चला, गळती थांबवायला तू निदान लागलास तरी.' सगळी गल्ली हसली. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी रडूही येत होतं. (ते उरलेले फलक निवडणुकीनंतर कुणाच्या गोदामात गेले, हे आईला, मामींना आणि मला ठाऊक आहे. चौथ्या माणसालाही ठाऊक आहेच, पण त्यांचं नाव घेत नाही म्हटलं ना.)

तर अशी गत आहे. आपलेच दात, आपलेच ओठ! तो ठेकेदार परका असता तर मी एव्हाना त्याला भर चौकात उभा केला असता. पण त्यांनी मला बोट धरून शाळेत नेलेलं, पहिली सायकल घेऊन दिलेली, निवडणुकीला उभं राहायला बळ दिलेलं. माणूस प्रेमळ आहे, प्रश्नच नाही. फक्त पाइप गटारातून नेतो. तुम्ही अनुभवी, चार माणसांत उठबस असलेले. असल्या ठेकेदाराचं काय करावं, यावर शांतपणे विचार करून दोन शब्द लिहावेत. बाकी सर्व ठीक. थंडगार खाऊ नये, उन्हात फिरू नये, आणि भाच्यावरचा लोभ होता तसाच ठेवावा.

तुमचा (अजून तरी) लाडका भाचा

ता. क. वर सल्ला मागितला आहे, पण द्यायची घाई करू नका. ठेकेदाराला धाडायच्या नोटिशीवर मी काल सही केली. पाइप स्वखर्चाने गटाराबाहेर काढून नवा चर खणून टाकावा, नाहीतर या नगरपालिकेचं एकही काम पुन्हा मिळणार नाही, असा मजकूर आहे. सही करताना बायकोने कागद धरला.

ता. क. दुसरा. येत्या रविवारी संध्याकाळी तिसऱ्या गल्लीत सभा ठेवली आहे आणि प्रमुख पाहुणे तुम्ही आहात. तुमच्या वतीने होकार मीच देऊन टाकला. भाषण करायचं नाही, सगळ्यांसमोर तिथल्या नळाचं एक पेला पाणी प्यायचं, एवढंच. तोवर पाइप बाहेर निघाला असेल तर चिंता नाही, पाणी ते पाणी. नसेल निघाला तरी काळजी करू नये, डॉक्टर तुमच्या शेजारच्याच खुर्चीवर बसणार आहे. पत्र मिळताच माणसं आणि फावडी घेऊन निघालात तर वेळ पुरेल. माझा रोजचा पेला तोपर्यंत चालूच आहे.

ता. क. तिसरा. मामींना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ऐन वेळी यांना कुठेतरी तातडीचं काम निघेल, पण तू काळजी करू नकोस, मी घेऊन येते.

ता. क. शेवटचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं तुम्ही म्हणाल. म्हणा, तुमचा हक्कच आहे. तुमच्या वयाचा मान म्हणून बाईंनी तुमच्यासाठी लहान पेला काढून ठेवला होता. मी तो परत पाठवला आणि मोठा मागवला.