सम्यकची मसल कार

२ फेब्रुवारी, रविवार

आमच्या ह्यांना गाडीनं झपाटलंय! गाडीही दारातली नव्हे — सम्यकनं तिकडं मिशिगनमध्ये जुनी घेतलीय ती. पाँटियाक जीटीओ, १९६४ ची. म्हणजे ह्यांच्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान.

एरवी बापलेकाचा फोन म्हणजे — "बरंय ना?" "बरंय." "घे, मम्मीशी बोल." संपलं! आज ह्यांनी नुसतं विचारलं, "ती गाडी कशी आहे रे?" आणि अर्धा तास फोन सोडला नाही. माझी मेथी निवडून झाली तरी माझा नंबर आला नाही. राग यायला हवा होता. आला नाही.

९ फेब्रुवारी

जेवताना माझी शिकवणी. "मसल कार म्हणजे काय, सांग बरं!" मी भाकरी वाढली.

मधल्या मापाची गाडी, तिच्यात थोरल्या गाडीचं इंजिन. आठ सिलिंडर! पण एवढं मोठं इंजिन मधल्या गाडीत बसवायचं नाही, असा कंपनीचाच नियम. मग तिथल्या इंजिनियरांनी काय करावं? मूळ गाडी साधीच ठेवली. मोठं इंजिन 'हवं असेल त्यानं जादा घ्यावं' म्हणून विकलं.

"म्हणजे लबाडीच की!"

"लबाडी नाय, जुगाड!" वाळूजच्या कंपनीत जन्मभर साहेबांचे नियम पाळले ना, त्याची भरपाई चाललीय.

पुढं कळलं की ती पेट्रोल घटाघटा पिते, सरळ रस्त्यावर सुसाट, वळणावर जड, आणि ब्रेक बेताचेच. मी म्हटलं, हे तर तुमच्या सर्जेराव दादांचं वर्णन झालं. ठसका लागला ह्यांना!

१ मार्च

तीन कार्ब्युरेटर. दुहेरी सायलेन्सर. बॉनेटवर हवेची भोकं — ती म्हणे नुसती दिखाव्याची! हे सांगणारा माणूस गुलमंडीच्या बाजारापर्यंत स्कूटर पंचवीसच्या वर नेत नाही. मागून रिक्षावाले ओरडतात, "चाचा, बाजू हो!"

२३ मार्च

आता कहर. जयंती मंडळाच्या राजकुमारला सांगून आले — यंदा बॅनरवर सम्यकचा फोटो, अमेरिकेतली गाडी आणि बॉनेटवर निळा झेंडा! फोनवर सम्यकला फर्मानच सोडलं. तो एवढंच म्हणाला, "बघतो पप्पा."

२५ मार्च

हे भाजी आणायला गेले आणि माझ्या फोनवर सम्यक.

"मम्मी, गाडी मी डिसेंबरातच विकली गं. नव्या घरी ठेवायला जागा नाय. पप्पांनी विचारलं तेव्हा सांगणारच होतो. पण ते बोलायलाच लागले... लहानपणापासून एवढं कधी बोलले का माझ्याशी? सांगू नको ना."

म्हणजे गेले दोन महिने नसलेल्या गाडीचं इंजिन चालू आहे! हसू आलं, मग रडूच आलं. ह्यांना कळलं तर पुन्हा "बरंय ना, बरंय" सुरू होईल, ह्याचीच भीती वाटते.

६ एप्रिल

फोटो आला! लाल गाडी, बॉनेटवर झेंडा, शेजारी दात काढून सम्यक. कुणाची गाडी मागून आणली कोण जाणे. ह्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "झकास!" आणि राजकुमारला पाठवला.

१४ एप्रिल

जयंती. बॅनर कोपऱ्यावर लागला. शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या, "पोरानं लई भारी गाडी घेतली वो!" ह्यांनी त्यांनाही आठ सिलिंडर समजावले. बिचाऱ्यांची खीर गार झाली. संध्याकाळी क्रांती चौकात मिरवणुकीला गेलो. पाय भरून आलेत.

१५ एप्रिल

सकाळी चहा घेताना हे हळूच म्हणाले, "ती सम्यकची गाडी नाय. पुढच्या जाळीवर घोडा आहे. मस्टँग आहे ती, दुसऱ्या कंपनीची. आपली विकली असंल त्यानं."

मी त्यांचा कप पुन्हा भरला.

"मला कळलंय, हे त्याला सांगू नको, सुलेखा. मग रविवारी काय बोलायचं आम्ही?"