मेडल विभागाच्या शेवटच्या प्रमुखाची निरवानिरव

मी, नागुमो हिदेहारू, वय वर्षे शहात्तर, राहणार कावागुची, हे मृत्युपत्र नोटरींसमोर तोंडी सांगून लिहवून घेत आहे. हात कापतात म्हणून सांगतो. डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतकं जवळचं फारसं कोणी उरलेलंही नाही.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी चिगुसा हिला मिळावी. त्यातून तिने आईचा वृद्धाश्रमातला खर्च चालवावा. माझी पत्नी फुसाए हिला स्मृतिभ्रंश आहे. आपल्याला नवरा आहे हे तिला ठाऊक आहे, तो मीच हे नाही. दर रविवारी ती मलाच विचारते, "आमचे हे कुठे गेलेत हो?"

कलम २. माझे पाने, स्क्रूड्रायव्हर आणि व्हर्नियर गावातल्या तांत्रिक शाळेला द्यावेत. नको म्हणाले तर भंगारात घालावेत, भांडू नये. ही हत्यारं १९७९ सालची आहेत. त्या वर्षी खेळाची यंत्रं बनवणाऱ्या आमच्या मिनामो कंपनीने एका बंद पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये पाच माणसांचा मेडल गेम विभाग काढला. काचेआड मेडलांचा, म्हणजे नाण्यासारख्या चकत्यांचा ढीग, त्यामागे पुढेमागे सरकणारी फळी. वरून आपलं मेडल टाकायचं, काठावरची खाली पडली की ती आपली. लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारलं होतं,

"जिंकलं की काय मिळतं?"

"आणखी मेडलं."

"त्यांचे पैसे होतात?"

"नाही. कायद्याने बंदी आहे."

"घरी नेता येतात?"

"नाही."

"मग माणसं खेळतात कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. तरी त्यांनी मुलगी दिली. पुढे विभागात चौतीस माणसं झाली, आमची यंत्रं खोलीएवढी मोठी झाली, सकाळी खेळांचं दुकान उघडायच्या आधी म्हातारी माणसं दाराशी रांग लावू लागली. उत्तर मला तेव्हाही सापडलं नाही.

कलम ३. निळ्या पुठ्ठ्याची वही ओदागिरी यांच्या पत्नीला पोचवावी. ओदागिरी आमचा यंत्ररचनाकार. फळीचा उतार किती, तिचा वेग किती, मेडल कुठे अडतं, हे सगळं त्याने अठ्ठावीस वर्षं त्या वहीत उतरवलं. २००७ च्या मार्चमध्ये विभाग बंद करायचं ठरलं आणि प्रमुख म्हणून त्या कागदावर माझी सही मागितली. ओदागिरी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"नाही केलीस तर?"

"दुसरा कोणीतरी करेल."

"मग करू दे की त्याला. तू कशाला करतोस?"

मी केली. नमुन्याची यंत्रं त्याच आठवड्यात तोडली. ओदागिरीला गोदामात टाकलं. तिथे त्याला बसायला खुर्ची होती, काम नव्हतं. वही माझ्या टेबलावर ठेवून तो गेला, तो पुन्हा माझ्याशी बोलला नाही. पाच वर्षांनी वारला. अंत्यविधीला गेलो, पण दाराच्या आत पाऊल पडेना. वही मी दोनदा त्याच्या घरी पाठवली, बाईंनी दोनदा परत केली. मेलेल्या माणसाकडे वही परत पाठवता येत नाही, एवढ्याच भरवशावर हे कलम लिहवतो आहे.

कलम ४. किताबायाशी यांना काही देऊ नये. विभाग बंद करायचा ठराव मांडणारे संचालक ते हेच. सतरा वर्षं मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. मृत्युपत्राला साक्षीदार मात्र नात्यातला नको, वारसही नको. ओळखीचे बाकीचे गेले. शेवटी यांनाच फोन केला. काठी टेकत आले. म्हणाले, "नागुमो-सान, तो ठराव मला वरून लिहून आला होता. मी फक्त वाचला." मी म्हणालो, "माहीत आहे." मला माहीत नव्हतं. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं नोटरी सांगतात. द्यायला आता माझ्याकडे रागही राहिला नाही.

कलम ५. माझ्या मृत्यूची बातमी फुसाएला एकदाच सांगावी. ती रडेल आणि विसरेल. पुन्हा विचारेल तेव्हा चिगुसाने मी मेल्याचं सांगू नये. "कामावर गेलेत, उशीर होईल," एवढंच सांगावं. अठ्ठावीस वर्षं हे उत्तर तिने ऐकून घेतलं, आणि एकदाही पुढचा प्रश्न विचारला नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे.

ठिकाण: कावागुची
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२४

लिहवून घेणार: नागुमो हिदेहारू (सही वाकडी आहे, माझीच आहे)

साक्षीदार:
१. किताबायाशी मोरिओ
२. हानेदा कियोमी, नोटरी कार्यालयाने मिळवून दिलेल्या बाहेरच्या साक्षीदार