चढ गाडीचा, उतार आपला

आबा,

मागच्या महिन्यात मी एका उतारावर हरले. तुमच्यामुळे हरले, असं गेले तीन आठवडे स्वतःला सांगते आहे. सांगितलं की थोडं बरं वाटतं, म्हणून आज लिहायलाच बसले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्या फोटोला हार घातला, पण तुमच्याशी बोलले नाही. बोलण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि तुम्ही होता तोवर ती घरात कुणाला काढू दिली नाहीत.

माझ्या वहीत चिकटवलेलं ते चित्र तुम्हाला आठवत असेल. चौसाळ्याच्या स्टँडवर भजी बांधून आलेल्या कागदावर शर्यतीच्या गाडीचा फोटो होता, मागे धुळीचा लोट, आणि काचेवर चालवणाऱ्याचं नाव. तेल सुकवून मी तो वहीत लावला. तुम्ही वही उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणालात, "काचंवर डायव्हरचं नाव लिव्हतेत व्हय? आपल्या गाडीवर तर नुसता आईचा आशीर्वाद हाय." मी म्हणाले, "माझ्या गाडीवर माझं नाव लिहीन." तुम्ही हसलात. चिडवल्यासारखं नाही, खूश होऊन हसलात. त्या हसण्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली, हे तुम्हाला माहीत नाही.

शिकवलंत तुम्हीच. तेलगावला मामाच्या रानात, ऊस तुटून गेल्यावर, सरीवरंब्यांतून जीप आपटत न्यायची. स्टिअरिंगवरून पुढचं दिसत नव्हतं म्हणून तुम्ही आईकडून जुन्या लुगड्यांची एक जाड गादी शिवून घेतलीत, खास माझ्या बुडाखाली. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याला लायसन मिळालं होतं, पण क्लच सोडताना त्याचा पाय थरथरायचा. माझा नाही थरथरला. मग पहाटे शिटा भरायच्या आधी मोकळ्या रस्त्यावर तुम्ही मला चालवायला देऊ लागलात. स्टँडवरचे बाकीचे जीपवाले म्हणायचे, "काय आबा, पोरीला क्लीनर ठिवली का?" तुम्ही म्हणायचा, "क्लीनर न्हाई बे, मालकीन हाय ती." आणि मांजरसुंब्याचा घाट लागला की दर वेळी तेच वाक्य: "चढ गाडीचा, उतार आपला. कर न्यूट्रल." उतारावर इंजिनाला डिझेल कशाला पाजायचं, हा आपल्याकडच्या सगळ्या जीपवाल्यांचा धर्म होता. बारा शिटा आत, दोन मागे लटकलेल्या, आणि जीप न्यूट्रलमध्ये आवाज न करता घाट उतरायची. तिसऱ्या गेअरमधून दांडी अर्ध्यावर ओढायची आणि तिथेच हात थांबवायचा. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून तो थांबवायला शिकवलात.

मग तो दिवस. मी सतरा वर्षांची. तुमच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून जीप आठवडाभर दारात उभी होती. भर दुपारी सरपंचांच्या धाकट्या भावाचा हात मळणी यंत्रात गेला. चार माणसांनी त्याला आणून मागच्या बाकावर घातलं आणि ती सरपंचांना बीडला फोन लावायला पळाली. दादा स्टिअरिंगवर बसला, त्याने गाडी दोनदा बंद पाडली. तुम्ही त्याला म्हणालात, "तू मागं जा, त्याचा हात वर धरून बस." मग माझ्याकडे बघितलंत. मी गादी घेऊनच उभी होते.

त्या दिवशीइतकं चांगलं मी पुन्हा कधीच चालवलं नाही, आबा. मागच्या महिन्यातही नाही. घाटाच्या तोंडाशी माझा हात सवयीने दांडीवर गेला आणि तुम्ही म्हणालात, "आज न्यूट्रल न्हाई. आज गेअरमधीच उतर. दुसरा टाक, इंजिनाला धरू दे गाडी." म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. जोरात उतरायचं असेल तर न्यूट्रल हा वेडेपणा आहे, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि मला ते फक्त एकदा सांगितलंत. न्यूट्रलचं रोज सांगितलंत. इंजिन ओरडत होतं, मागे तो माणूस आईला हाका मारत होता, आणि प्रत्येक वळणाआधी तुम्ही डाव्या हाताने हॉर्न दाबत होता. खाली उतरल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "लई झाक."

बीडच्या अलीकडे, नाक्याच्या आधी, तुम्ही म्हणालात, "थांबव." मला वाटलं त्याला काही झालं. तुम्ही म्हणालात, "दादाला बसू दे हितून." मी विचारलं, "कावून?" तुम्ही रस्त्याकडे बघत म्हणालात, "समदे बघतेत. ऊठ." मागे रक्त ठिबकत होतं. दादा उतरून पुढे आला, मी मागे गेले. "ती गादी घे," तुम्ही म्हणालात, "दिसती." मी गादी मांडीवर घेतली आणि तो हात धरून बसले. दवाखान्यापर्यंतचा सपाट, सरळ रस्ता दादाने चालवला. दारात बाजाराला बीडला आलेले सरपंच आणि गावची माणसं निरोप ऐकून जमली होती, आणि त्यांनी जे पाहिलं तेच खरं झालं.

माझ्याकडे लायसन नव्हतं, हे मान्य. पण लायसनासाठी तुम्ही गाडी थांबवली नाहीत. त्या संध्याकाळी आई चुलीपुढे म्हणाली, "पोरीनं मानूस वाचवला, आन् तुमी पोराचं नाव सांगताव?" तुम्ही पाटावर बसला होता. म्हणालात, "घाटात जीप हाकनारी पोरगी कोन करून घेनार हाय? उद्या पाव्हनं येतील, त्यास्नी काय सांगू?" आईने भाकरी तव्यावर अशी टाकली की तिच्या हाताला चटका बसला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी तिथेच कांदा चिरत होते, म्हणजे माझे डोळे कशाने भरले हेही कुणाला विचारावं लागलं नाही.

महिन्याभराने देवळापुढे सत्कार झाला. दादाला फेटा बांधला, शाल, नारळ. तो माणूस वाचला होता. हाताचा पंजा गेला होता, तरी डाव्या हाताने त्याने हार घातला. सरपंच माइकवर म्हणाले, "असा डायव्हर पंचक्रोशीत न्हाई." दादा मान खाली घालून उभा होता, आणि लोकांना तो विनय वाटला. चहा मी दिला. तुम्हीही माझ्या हातून कप घेतलात. दादा आता पन्नाशीकडे आला आहे. जीप त्याने तुमच्यानंतर विकली, घाटात तो कधीच गाडी चालवत नाही, पण मुलांना ती गोष्ट सांगतो. दिवाळीत माझ्यासमोर सांगत होता. वळणं, हॉर्न, सगळं बरोबर सांगतो. आता त्याला ते खरंच वाटतं.

पाहुणे आले, लग्न झालं, मी केजला आले, शाळेत विज्ञान शिकवू लागले. तुमचं काही चुकलं नाही म्हणायचं, सगळं तुमच्या हिशोबाने झालं. लायसन मी पस्तिसाव्या वर्षी काढलं. नंतर एक जुनी छोटी गाडी घेतली. केजचे एक मिस्त्री आहेत, त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. त्यांना म्हणाले, मला हिची शर्यतीची गाडी करायची आहे. ते म्हणाले, "मॅडम, म्या ट्रॅक्टर उघडलेत, जीपा उघडल्यात. शर्यत कदी उघडली न्हाई. पर बघू." त्यांनी दोन वर्षं रविवार घातले. पुण्याच्या दुसऱ्या स्पर्धक हसायच्या: गावच्या मिस्त्रीकडे कशाला देता? मी देत राहिले. या वर्षी अजिंक्यपदाच्या सगळ्या फेऱ्यांना नाव घातलं. मातीचा रस्ता, एका वेळी एकच गाडी, आणि समोर घड्याळ. काचेवर नाव आणि रक्तगट लिहावा लागतो. नाव माझं, रक्तगट तुमचा. मिस्त्रींनी विचारलं, "दाराखाली आमच्या गॅरेजचं नाव बारीक टाकू का?" मी म्हणाले, मोठं टाका. त्यांनी बारीकच टाकलं.

शेवटच्या फेरीला आम्ही नाशिककडे गेलो, तेव्हा गुणांत मी पहिली होते. पहिल्या दोघींत आले असते तरी बायकांच्या गटातलं वर्षाचं पद माझं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी, आबा. टेकाडावरून लांब उतार, खाली डावं वळण. चारदा पायी चालून पाहिलं होतं: तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकायचं आणि इंजिनाला गाडी धरू द्यायची. टेकाडावर आले, पुढे उतार दिसला, आणि माझा हात अर्ध्यावर थांबला. तुम्ही थांबवायला शिकवला होता, तसाच. गाडी एकदम हलकी झाली, आवाज गेला. क्षणभर मला घाटातली पहाट आठवली, आणि गाडी बाहेरच्या मातीच्या बांधावर चढली. परत रस्त्यावर आणून शर्यत पुरी केली. चौथी आले.

बाहेर एका मुलीने माइक पुढे करून विचारलं, गाडी चालवायला कुणी शिकवलं? मी म्हणाले, "कुणी नाही. माझी मीच शिकले." ते मला म्हणायचंच होतं. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

वाईट त्याच्या पुढचं वाटतं. मिस्त्री धावत आले. "मॅडम, काय झालं उतारावर?" पुण्याच्या बायका मागेच उभ्या होत्या. मी म्हणाले, "दुसरा गेअर बसला नाही." ऐकल्या ऐकल्या एकजण म्हणाली, "सांगितलं होतं ना आम्ही." मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं नाही. बॉनेट उघडून उगाच आत बघत राहिले.

केजला आल्यावर त्यांनी अख्खा गेअरबॉक्स खाली काढला. त्यात काहीच निघालं नाही. निघणारच नव्हतं. तरी म्हणाले, "एक बुश म्या जुनाच ठिवला व्हता, मॅडम. चालंल वाटलं. माझीच चूक." मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "असू द्या हो. होतं कधीकधी." मी त्यांना माफ केलं, आबा. माझ्या हाताने केलेल्या चुकीबद्दल.

मंगळवारी त्यांनी गाडी दारात आणून लावली. काचेवर माझं नाव तसंच होतं. दाराखालचं त्यांचं नव्हतं. ब्लेडने खरवडून वरून पॉलिश मारलं होतं, नीट, कुणाला कळू नये असं. "काढलं मॅडम. तुमच्या गाडीला आमच्या नावाचा बट्टा कशाला?" मी "कावून काढलं" असंही म्हटलं नाही. त्यांना चहा दिला. त्यांनी उभ्यानेच प्याला, कप धुवून ठेवला आणि गेले.

हे पत्र खरं तर त्यांना लिहायला हवं. त्यांचं गॅरेज माझ्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि ते वाचतील. तुम्ही वाचणार नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं.