रस्सीखेच आणि माझ्या पाठीची मुदत

प्रिय लेस्टरदादा,

धाकट्या डेल्बर्टचा साष्टांग नमस्कार. (तोही खराखुरा, कारण हे पत्र मी बैठकीच्या खोलीत गालिच्यावर पालथा पडून लिहितो आहे. काळजीचं कारण नाही, जरा विश्रांती घेतोय.) आर्लीनवहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांच्या हातच्या त्या आंबटगोड भाजलेल्या रूबार्ब-पायची फार आठवण येते. पुलाच्या एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तू मधेच हसायला लागतोस आणि माझं सांगायचं राहून जातं.

तर पहिली बातमी अशी की आम्ही जिंकलो. तुला ठाऊक आहेच, तू पलीकडच्या काठावर टोपी हातात घेऊन उभा होतास, पण लिहायला बरं वाटतं म्हणून पुन्हा लिहितो. मिसिसिपी नदीच्या आरपार दोर, तिकडे तुमचे वीस इलिनॉयवाले, इकडे आम्ही वीस आयोवावाले, आणि दोराच्या अगदी शेवटी, टाचा मातीत रोवून, या वयात तुझा भाऊ. पेपरात माझा फोटो आला आहे. कात्रण सोबत जोडलंय, वहिनींना मोठ्याने वाचून दाखव.

आता तुझ्या लेकीबद्दल, कोरिनबद्दल. पोरगी हुशार, यात वाद नाही. डॅवेनपोर्टला शिकून, पाठीचे मणके हाताने बसवणारी कायरोप्रॅक्टर होऊन तिने आमच्या गावात दवाखाना थाटला, तेव्हा पाटीचा पहिला खिळा मीच ठोकला होता. जूनमध्ये होडीचं इंजिन उचलताना माझ्या पाठीत उसण भरली आणि मी तडक तिच्याकडे गेलो. किती दिवस लागतील, एवढाच माझा साधा प्रश्न. तर आधी म्हणे आठवड्यातून दोनदा यायचं, महिन्याने पुन्हा तपासायचं, सुधारलं तर खेपा कमी करायच्या, घरी व्यायाम करायचे. "काका, कुणी पाच-सहा खेपांत सुटतं, कुणी महिन्यातून एकदा असं वर्षभर येतं. तुमची पाठ काय म्हणते ते बघत जाऊ." अरे, ट्रॅक्टर दुरुस्त करणारासुद्धा तारीख सांगतो. (त्या तारखेला ट्रॅक्टर मिळत नाही, ती गोष्ट वेगळी.)

ऑगस्ट उजाडला, सामना चार दिवसांवर आला आणि ही म्हणते, सुधारलंय, पण अजून तीन आठवडे दोराला हात लावायचा नाही. हे मी मर्ल होल्स्टच्या बारमध्ये सांगितलं. मर्ल ग्लास पुसत म्हणाला, "तिचा नवरा तिकडून ओढतो ना रे? मग तू सामना संपेपर्यंत बरा होत नाहीस, लिहून ठेव." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्याच दिवशी भरलेल्या दवाखान्यात, चर्चच्या पाद्रीबाईंसकट सगळ्यांसमोर, मी तिला इलिनॉयची हेर म्हणालो, स्वतःला बरा झाल्याचं जाहीर केलं आणि ताठ मानेने बाहेर पडलो. ती एवढंच म्हणाली, "बरं काका. ओढताना गुडघे वाकवा."

सामन्याच्या दुसऱ्या मिनिटाला पाठीत काहीतरी कटकन झालं. त्यानंतर मला पुढे जाता येईना की मागे. दोर कमरेला गुंडाळलेला, मी जसा बसलो तसाच राहिलो. पेपरवाल्याने याला 'आयोवाचा खडक' म्हटलंय आणि मी ते खोडून काढलेलं नाही. शिट्टी झाल्यावर पोरांनी मला बसल्या अवस्थेतच खांद्यावर घेऊन मोठ्या रस्त्याने मिरवलं. (सगळ्यांना तो मान वाटला. मधूनमधून मलाही वाटत होता.)

वाटला नाही तो फक्त कोरिनला. तिने पलीकडून दुर्बिणीतून काय ते ओळखलं आणि पूल ओलांडून आली. पेपरवाला विचारत होता, हे उभे का राहत नाहीत? त्याला म्हणाली, "जिंकलेल्या माणसाने कशाला उभं राहायचं? उभं राहायला आमचे हरलेले वीस जण आहेत की." आणि मला अलगद तिच्या गाडीत घातलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी दवाखाना बंद केला की येते, पाठ तपासते, पण मी तिला हेर म्हणालो त्या दिवसाचा विषय काढत नाही. अशी पोरगी आपल्या घरात निपजली, याचा मला सामन्यापेक्षा जास्त अभिमान वाटतो, हे तुला स्पष्टच लिहितो.

तुझा धाकटा भाऊ,
डेल्बर्ट (विजेत्या काठाहून)

ता. क. आता किती दिवस लागतील, हे तिने कालही सांगितलं नाही. या खेपेला मी वाद घातला नाही.

आणखी ता. क. मुळात सांगायचं होतं ते हे. माझ्या त्या बोलण्यापासून गावातल्या काहीजणांनी तिच्याकडे जाणं सोडलंय, असं मर्लच सांगत होता. सोमवारी सकाळी मला दवाखान्यात जायचंय. बोललो भरल्या खोलीत, तर माफीही भरल्या खोलीतच मागायला हवी. तिने मागितलेली नाही, म्हणून तर जड जातंय. तुमच्या वीस जणांसमोर मी हललो नाही दादा, पण त्या खोलीत एकट्याने शिरायचा धीर होत नाही. तू ये आणि शेजारच्या खुर्चीत बस.

शेवटची ता. क. तेवढा तुमच्या संघाचा लाल शर्ट घालून येऊ नकोस. माफी मी कोरिनची मागणार आहे, इलिनॉयची नाही.