वय वर्षे बारा, मिशीसकट

छावणी,
रविवार, दुसरा चहा झाल्यावर

तीर्थरूप तात्यासाहेब मामांच्या पायांवर भाचा कारभारी याचं डोकं (आज अंघोळ झालेली आहे).

पत्राला तीन आठवडे उशीर झाला, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे तुम्हाला ओरडायला पुढचा मजकूर मोकळा राहील. पहिल्या आठवड्यात पोस्टकार्ड आणलं, ते फळीवरनं गायब झालं. (शेजारच्या शेळीवर माझा संशय आहे. तिनं मागं लाइटबिल खाल्लं होतं.) दुसऱ्या आठवड्यात नवीन कार्ड आणायला निघालो, तर वाटेत मंडपवाल्यांची गाडी उभी होती आणि त्यांना दोर बांधणारा एक माणूस कमी पडत होता. मंडप पैठणला होता, हे मला पैठणला पोचल्यावर कळलं. परत येईस्तोवर तिसरा आठवडा लागला. फोनवर दोन मिनिटांत सांगून झालं असतं, पण 'तोंडी काही ऐकणार नाही, लेखी द्या' हा नियम तुम्ही शाळेतनं निवृत्त होताना घरी घेऊन आलात, त्याला आम्ही काय करणार?

तुमचा गुडघा कसा आहे? द्वारकामामींचा खोकला थांबला का? पिशोरला पाऊस झाला म्हणतात. इथं नुसता वारा सुटलाय.

आता मुद्द्यावर येतो. तुमची लेक सरूअक्का हिनं मागच्या दिवाळीत आवडाला शाळेतनं काढलं आणि घरी शिकवायला घेतलं, तेव्हापासून तुम्ही या घराची पायरी चढला नाहीत. अठ्ठावीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या माणसाच्या नातीचं नाव कुठल्याच पटावर नाही, हे तुम्हाला लागलं, ते मला समजतं. माझं नाव तर तुम्ही स्वतःच्या हातानं नववीच्या पटावरनं कमी केलंत (सतत गैरहजर, असा शेरा मारून, शेरा बरोबर होता). पण मामा, ही पोरगी दोन वर्षं त्या शाळेत गेली आणि तिथं एक शब्द बोलली नाही. प्रगतिपुस्तकात लिहून आलं, 'शांत, शिस्तप्रिय, उपस्थिती उत्तम.' अक्का म्हणाली, खुर्ची पाठवली असती तरी हाच शेरा आला असता. घरी बसल्यापासून ती एवढी बोलते की पुंजारामदाजी चितेगावच्या कंपनीतनं रात्रपाळी करून आले की कानात कापूस घालून झोपतात.

मी दोन दिवसांसाठी आलो होतो, तो अडीच महिने राहिलो, कारण अक्कानं मला 'बाहेरच्या विषयांचा मास्तर' नेमलं. दर गुरुवारी आम्ही छावणीच्या बाजारात जातो. तिथं फारूखचाचा बोकड नुसता बघून त्याचं वजन सांगतात, मग काटा लावतात. आवडा तिथं उभी राहून अंदाज किती चुकला ते काढते. सव्वा, पाऊण, अडीच, औट, सगळं तिला बोकडांत येतं. (मला अजून औट म्हटलं की साडेतीन हे लगेच लक्षात येत नाही. ती मला शिकवते आणि चुकलं की फारूखचाचांसमोर सांगते.)

तर तीन आठवड्यांपूर्वी शाळाबाह्य मुलांची मोजणी निघाली. त्या दिवशी नजमा मॅडम नावाच्या शिक्षिका आमच्या गल्लीत आल्या. हातात तक्ता, खांद्यावर पिशवी, आणि एक शाईची बाटली. मोजलेलं मूल दुसऱ्या गल्लीत पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून त्याच्या बोटाला शाई लावायची, असा हुकूम होता. अक्का दळणाला गेली होती. दारात आवडा एकटी. मॅडमनी पाणी मागितलं, ओट्यावर टेकल्या आणि खाली मान घालून विचारलं की घरात शाळेत न जाणारं कोण आहे. आवडा खरं बोलणारी. ती म्हणाली, मामा. नाव? कारभारी. शाळा कधी सोडली? नववीत. वय? आता अक्का दिवसातनं चारदा म्हणते की कारभारी अजून बारा वर्षांचाच आहे, अंगानं वाढलाय एवढंच. पोरीनं त्यातला पहिला अर्धा भाग सांगितला.

बारा वर्षांचं पोर नववीत कसं पोचलं, हे बाईंच्या लक्षात यायला हवं होतं, पण त्यांचं हे एकाहत्तरावं घर होतं. इतक्यात मी झोपेतनं उठून बाहेर आलो. बघतो तर ओट्यावर यादी, शाईची बाटली आणि एक सरकारी बाई. मामा, माझं मतदारयादीत नाव पिशोरला आणि मतदानाच्या दिवशी मी नेमका दुसरीकडं, असं दोनदा झालंय. मला वाटलं, सरकारनं शेवटी माझ्यासारख्यांची सोय केली. मी गुपचूप डाव्या हाताचं बोट पुढं केलं. त्यांनी मान न उचलता शाई लावली. मग वर बघितलं. आधी माझ्या मिशीकडं, मग तक्त्याकडं.

खाडाखोड चालत नव्हती आणि पान फाडायचं नव्हतं, पानांना नंबर होते. तेवढ्यात अक्का पिठाचा डबा घेऊन आली आणि तिनं सगळं उलगडून सांगितलं: शाळेत न जाणारं मूल ते हे नव्हे, ती, आणि ती शाळाबाह्य नाही, घरी शिकते. मॅडमनी तक्ता तिच्यापुढं धरला. त्यात कारणांचे रकाने होते. ऊसतोड, वीटभट्टी, स्थलांतर, भावंडं सांभाळणं. आई शिकवते, असा रकाना नव्हता. अक्का म्हणाली, आईनं शिकवू नये असं कायद्यात कुठं आहे? त्या म्हणाल्या, आई म्हणजे शाळा असंही कुठं नाही. दोघी बराच वेळ बोलल्या. मी मध्ये चहा केला. चहा पिताना मॅडम नरमल्या आणि म्हणाल्या, "बाजी, माझ्या कागदात तुमच्या पोरीला बसायला जागाच नाही. मी तिला कुठं लिहू?" (बाजी म्हणजे त्यांच्याकडं ताई.)

मग त्यांनी आवडाला जवळ बोलावून एक साधा पाढा विचारला. मामा, माझ्याबद्दल खडाखडा उत्तरं देणारी पोर एकदम गप्प. पाढा तिला येतो. पण हातात तक्ता घेतलेल्या माणसानं विचारलं की तिची ती दोन वर्षं परत येतात. ती पलंगाखाली गेली आणि मॅडम जाईस्तोवर बाहेर आली नाही.

ठरलं ते असं. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे उद्या, मॅडम त्यांच्या केंद्रप्रमुखांना घेऊन येणार. पोरगी चौथीच्या मुलांइतकी तयार दिसली, तर समासात हातानं लिहायचं, 'घरी शिकते', आणि वर्षभर बघायचं. नाही दिसली, तर मंगळवारपासनं वर्गात. जाताना त्या एवढं म्हणाल्या की बोलत नसेल तर तिनं लिहिलेलं काही दाखवा, पण वहीतलं नको, वही कुणीही भरून देतं. खरोखर कुणाला तरी लिहिलेलं हवं. मी आवडाला म्हटलं, लिही की काहीतरी. ती म्हणाली, "मामा, काम नसताना कुणी कुणाला लिहितं व्हय?" तिचं खरं आहे, हे या पत्राला झालेल्या उशिरावरनं तुम्हाला दिसतंच आहे.

गेले दोन दिवस अक्का जेवली नाही. वरनं कपडे धुते, भांडी घासते, पण एकच भांडं तीनदा घासते. तुम्हाला यातलं काही कळवायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे, म्हणून कळवतो आहे. तुम्ही मात्र काळजी करू नका आणि गुडघ्याला त्रास देऊन इकडं यायची तसदी तर मुळीच घेऊ नका. आम्ही बघून घेऊ. कसं, ते अजून ठरलेलं नाही.

मामींना नमस्कार सांगा.

ता. क. : एक किरकोळ काम. माझा शाळा सोडल्याचा दाखला पिशोरच्या शाळेत पडून असेल. तुम्ही शब्द टाकलात तर लगेच मिळेल. मी बारा वर्षांचा नाही, हे नजमा मॅडमना दाखवायला लागतो.

ता. क. दुसरा : वरचं खरं नाही. मॅडमना माझ्या मिशीचा पुरावा पुरला. दाखला दहावीच्या सतरा नंबरच्या फॉर्मला लागतो, बाहेरनं परीक्षा द्यायला. हसू नका. आवडानं मला अपूर्णांकापर्यंत आणलंय. ती म्हणते, पुढचं तिलाही येत नाही, तेव्हा आपण दोघं बरोबरच शिकू. शाळेबद्दल मी आजवर तुमच्या ओट्यावर बसून जे जे बोललो, ते परत घेतो असं नाही, पण तूर्त बाजूला ठेवतो.

ता. क. तिसरा : बाहेर रिक्षा थांबली आहे. कुणीतरी रिक्षावाल्याला लेखी पावती मागतंय. हा आवाज...

मामा, तुम्ही समोर उभे आहात आणि मी तुम्हालाच पत्र लिहितो आहे. अक्का दारात उभी राहून कोरडे हात पुन्हा पुन्हा पुसते आहे. आवडा मात्र तुमच्या पिशवीला लटकून बोलत सुटली आहे. तुम्ही खिशातनं माझं हरवलेलं पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवलंत. (शेळीची मी मनातल्या मनात माफी मागितली.) कार्डावर आवडाच्या अक्षरात आहे :

"आबा, मामाला तुमच्याकडून दाखला पाहिजे. तो मागायला घाबरतो. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी साहेब येणार आहेत. मी बोलणार नाही असं सगळ्यांना वाटतं. तुम्ही शेजारी बसलात तर बोलेन. आई रडते पण तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय. आवडा."

खाली तुमच्या लाल शाईत : दहापैकी आठ. दोन गुण कशाचे कापले, विचारलं, तर म्हणालात की तारीख नाही आणि पत्त्यात तालुका नाही. उद्या साहेबांना हेच कार्ड दाखवायचं, असं तुम्ही अक्काला सांगितलंत, आणि पिशवीतनं माझा दाखला काढून कार्डाशेजारी ठेवलात. मग खुर्ची ओढून बसलात, लाल पेनाचं टोपण काढलंत आणि माझ्या या कागदांकडं हात केलात. मी म्हटलं, अजून झालं नाही. तुम्ही म्हणालात, "मग आधी सही कर. बिनसहीचं मी तपासत नाही."

आपला,
कारभारी
(वय वर्षे बारा, सरकारी नोंदीप्रमाणे)